अंगठ्याआधी वाचून दाखवा

मामलेदार कचेरीपुढं टांगा उभा केला की किस्से आपोआप गोळा होतात. माझ्याजवळचे बहुतेक दादाचे. दादा आत कारकून होता. होता! लिहितानाही डोकं तापतं.

अव्वल कारकून अण्णासाहेब त्याला म्हणाले, "सरकारी नोकरी म्हणजे सावली. गप बसावं."

"मग पगार बाहेरच्या लिंबाला द्या!"

एकदा शिपाई दादाकडं धावत आला. "भाऊसाहेब, पाटील स्वतः आलेत!"

"बाकडं पुसून दे. नंबर आहे तोच!"

पेठकडची ठकूबाई दिराबरोबर आली. अंगठा लावणार, तोच दादानं कागद मोठ्यानं वाचला. विहिरीतला तिचा वाटा दिराला! बाई किंचाळलीच.

दीर म्हणाला, "तिला काय कळतंय?"

"म्हणूनच वाचतोय!"

अण्णासाहेब ओरडले, "वेळ जातो!"

"वेळ सरकारचा. विहीर तिची!"

मी चेष्टा केली, "दादा, तू कारकून की पुराणिक?"

तो म्हणाला, "टांगा हाकायला तुला लायसन लागतं. कचेरी हाकायला काहीच नको? अरे, हेही सुतारकामासारखं शिकावं लागतं!"

चैत्रात वणीच्या यात्रेत पटकीची साथ आली. विहिरींत औषध टाकायला दादाला पाठवलं. दादा पोचला, औषध पोचलंच नाही. कचेरीला तीन चिठ्ठ्या पाठवल्या त्यानं. चौथ्या दिवशी मी त्याला माझ्याच टांग्यातून आणला. चादरीखाली.

परवा अण्णासाहेबांनी मला बोलावलं. माझ्यामागं रांग होती, रांगेत पहिलीच ठकूबाई. त्यांनी शाई सरकवली. "लाव अंगठा. तुझ्या वहिनीला काहीतरी मिळेल."

"आधी वाचून दाखवा."

त्यांनी वाचलं, "कामावर असताना मयत."

दादानं दुकानांच्या पाट्यांवरून मला अक्षरं शिकवली होती. मी बोट ठेवलं. "इथं 'रजेवर' लिहिलंय!"

कामावर मेला म्हटलं, तर औषध कुठं अडलं, हे कुणीतरी विचारणार ना!

"एका शब्दानं काय होतंय?" अण्णासाहेब पुटपुटले.

ठकूबाईचा अंगठा शाईत बुडालेला होता. तिनं तो लुगड्याला पुसला. "आदी त्याचं खोडा. मंग माजा कागद वाचा. मंग अंगठा."

तिच्यामागं अख्खी रांग अंगठे पुसायला लागली.