समईची दांडी
खंडेनवमीला पूजेसाठी घरातली हत्यारं पुसायला घेतली की तेलाच्या वासानं नेवाशातली ती दुपार आठवते. फौजेतून पेन्शनवर आलेल्या वडिलांची नजर अधू झाली होती. परवान्याच्या पिस्तुलाला त्यांनी नळीच्या टोकावर बसणारी, नेम धरायची नवी, ठळक माशी मागवली. ती बसवायला मी पोलादी ठोकणी पुढे केली. "नको, ओरखडे उठतील. पितळ आन," वडील म्हणाले. आईनं मोडक्या समईची दांडी दिली. हलक्या ठोक्यांनी माशी बसली. रिकामं पिस्तूल भिंतीवरच्या कॅलेंडरकडे धरून त्यांनी एक डोळा मिटला. "माशी दिसती पोरी, पन कॅलेंडर न्हाई दिसत." दुसऱ्या दिवशी पिस्तूल ठाण्यात जमा झालं. नंतर दर खंडेनवमीला ते पूजेत ती दांडीच मांडायचे. आज मी मांडली.