सोलरच्या अर्जातला अकरावा कागद

अनुदानाच्या अर्जाला अकरा कागद लागत होते. दहा मी तीन आठवड्यांत जमवले. अकराव्यावर माझ्या थोरल्या बहिणीची सही हवी होती. ती मी कशी मिळवली, हे लिहून काढायचं बरेच दिवस मनात होतं.

पनवेलची नगरपालिका जाऊन महानगरपालिका झाली, त्याच्या पुढच्या वर्षातली गोष्ट. आमच्या गल्लीत दोन घरांच्या गच्चीवर सोलर बसलं होतं आणि ती मंडळी आपलं वीजबिल लग्नपत्रिकेसारखं सगळ्यांना दाखवत होती. सरकारकडून खर्चाचा जवळजवळ तिसरा हिस्सा परत मिळत होता. मी एका शाळेच्या ऑफिसात हेडक्लार्क. फॉर्म, दाखले, साक्षांकित प्रती यांना मी घाबरत नाही. लोक घाबरतात ते पाहून मला थोडं बरंही वाटतं. नवी वही घेतली. डावीकडे कागदाचं नाव, मध्ये तो कुठून मिळणार, उजवीकडे चौकोन. घरपट्टीची पावती, आधार, बँकेचं पासबुक, गच्चीचे फोटो, सावली पडत नाही हे दाखवणारा नकाशा. रोज एक-दोन चौकोनांत बरोबरची खूण पडत होती.

अडलं ते मीटरवर. मीटर वडिलांच्या नावावर होता. वडील जाऊन नऊ वर्षं झाली होती, आई जाऊन दोन. बिल अजून वडिलांच्या नावाने यायचं आणि आम्ही भरायचो. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. सोलर बसवणाऱ्या ठेकेदाराचा माणूस गच्चीची मापं घेऊन खाली आला तेव्हा त्याने बिल पाहिलं आणि मान हलवली.

“मॅडम, अर्ज करणाऱ्याच्या नावावर मीटर पाहिजे. आधी नाव बदलून घ्या. वारस किती?”

“आम्ही दोघी बहिणी.”

“भाऊ?”

“नाही.”

“मग काय टेन्शनच नाय. भाऊ असला की सोलर राहतं बाजूला, आमी नुसते भांडणं बघत बसतो. एक संमतीपत्र करा, दुसऱ्या मॅडमची सही घ्या. पण मार्चच्या आत हां. नंतर यंदाचा कोटा संपला तर मला बोलायचं नाय.”

दुसरी मॅडम म्हणजे माझी ताई. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, उरणला दिलेली; भाऊजी बंदरात नोकरीला होते. वडिलांचं आजारपण निघालं तेव्हा मी आणि नवरा भाड्याची जागा सोडून या घरात राहायला आलो, ते इथलेच झालो. ताईचं हे माहेर. ती कधीही यायची. रविवारी सकाळी उरणच्या एसटीने उतरायची, मागच्या दाराने थेट स्वयंपाकघरात, चपला काढायच्या आधी फ्रिज उघडायची. “हे दही कधीचं आहे गं? म्युझियमला देणार आहेस का?” मग माझे डबे हलवायची. चहाची साखर वरच्या फळीवरून खाली, डाळी उजवीकडून डावीकडे, म्हणजे आईच्या वेळी होत्या तशा. ती गेली की मी सगळं पुन्हा माझ्या जागी लावायची आणि चरफडायची. हेही सांगायला हवं, नाहीतर आमचं फार गोडीगुलाबीचं होतं असं वाटेल.

आई गेल्यावर घराचं पुढे काय, हा विषय आमच्यात कधी निघाला नाही. तिने काढला नाही म्हणून मी काढला नाही.

संमतीपत्राचा मजकूर ठेकेदाराच्या माणसाने तहसील कचेरीबाहेरच्या टायपिस्टकडून आणला, स्टॅम्पपेपरवर टाइप करूनच. दोन पानं. मी दोनदा वाचला. न वाचता मी कुठलाच कागद पुढे सरकवत नाही. पहिल्या पानावर मधोमध एक वाक्य होतं: सदर घर व त्यातील वीजजोडणी यांवर माझा कोणताही हक्क अथवा हितसंबंध नाही व यापुढेही राहणार नाही.

काम वीजजोडणीचं होतं. ‘घर’ तिथे कुठून आलं? टायपिस्टकडे सगळ्या कामांना चालणारा एकच मजकूर असणार, त्यातून आलं. शाळेत असा मजकूर माझ्या टेबलावर आला असता तर मी लाल पेनने गोल करून परत पाठवला असता. इथे मी पेन हातात घेतलंसुद्धा. पुन्हा स्टॅम्पपेपर, पुन्हा टायपिस्ट, पुन्हा दोन दिवस, आणि फेब्रुवारी संपत आला होता, असं मी स्वतःला सांगितलं. ते सगळं खरं होतं. पण त्याच्या मागे आणखी एक विचार होता आणि तो मला तेव्हाही दिसला होता. असू दे. होतंय तर एकदाचं लेखी होऊन जाऊ दे. मी पेन ठेवलं.

मग मी जे केलं ते अगदी पद्धतशीर होतं. सह्या कुठे करायच्या तिथे पेन्सिलीने फुल्या, फुलीच्या बाजूला पिवळ्या चिठ्ठ्या, परतीसाठी माझा पत्ता लिहिलेलं दुसरं पाकीट. आणि कुरिअर. पनवेल ते उरण तासा-सव्वा तासाचा रस्ता. पण त्या आठवड्यात शाळेत परीक्षा होत्या आणि रविवारी वायरिंगवाला यायचा होता. संध्याकाळी फोन केला.

“ताई, एक कागद पाठवलाय. सोलरचा. खुणा केल्यात तिथे सह्या करून पाठव.”

“काय आहे त्यात?”

“अगं, मीटरचं. नुसती फॉर्मॅलिटी.”

“बरं.”

“वाचून घे हं पण.”

हेही मी म्हणाले. चपला घातलेल्या पाहुण्याला दारात ‘जेवून गेला असतात’ म्हणतात ना, त्या आवाजात.

चौथ्या दिवशी पाकीट परत आलं. सगळ्या सह्या जागच्या जागी. आत वहीच्या कागदाचा तुकडा होता, त्यावर ताईचं गोल अक्षर: “पहिल्या पानावर तुझी खूण राहून गेली होती. तिथेही सही केली आहे.” प्रत्येक पानावर सही लागतेच, मी विसरले होते. मला तिचं कौतुक वाटलं. शेवटी एकाच बापाच्या मुली. ते वाक्य पहिल्याच पानावर होतं, म्हणजे तिने ते वाचलं होतं, हे त्या क्षणी माझ्या डोक्यात आलं नाही. की आलं आणि मी ते लगेच बाजूला सारलं, हे आता खात्रीने सांगता येत नाही.

वीज कंपनीच्या कचेरीतल्या बाईंनी कागद उलटसुलट करून पाहिला. “एवढं सगळं कशाला लिहून घेतलंत? मीटरपुरता आमचा छापील फॉर्म आहे, एका पानाचा.” आणि शिक्का मारला. मी घरी येऊन अकराव्या चौकोनात खूण केली.

सोलर बसलं. आपली वीज बिलातून वजा करणारा नेट मीटर लागला. अनुदानाला आठ महिने लागले, पण आलं. बिल इतकं खाली गेलं की गल्लीतले लोक आता आमच्याकडे विचारायला येऊ लागले आणि मी त्यांना वहीतून यादी उतरवून द्यायची. अकराव्या कागदासकट.

सह्यांचं पाकीट परत आल्यापासून ताई दोन महिने आली नाही. मग एका गुरुवारी तिचा फोन आला. “रविवारी आहात का घरी? येऊ का?”

“विचारतेस काय? ये की!” मी हसले.

ती पुढच्या दाराने आली. बेल वाजवून. हातात पेढ्यांचा पुडा. सोफ्यावर बसली आणि मी आत चहा करत असताना बाहेर माझ्या नवऱ्याशी हवापाण्याचं बोलत राहिली. चहात साखर कमी पडली होती, ते मला माझा कप तोंडाला लावल्यावर कळलं. तिने मुकाट्याने पिऊन टाकला.

“तुमचं सोलर छान दिसतं हं रस्त्यावरून,” ती म्हणाली.

“चल ना वर, दाखवते.”

“नको गं, गुडघे.”

चारच्या एसटीने ती गेली. माझे डबे जागच्या जागी होते.

असं वर्षभर चाललं. ती यायची, पण विचारून, आणि काहीतरी हातात घेऊन. भांडण नाही, अबोला नाही, त्यामुळे बोट ठेवायला जागा नव्हती. मी म्हणायची, वय झालं, घरी सून आली, गुडघे दुखतात. नवरा एकदा म्हणाला, “ताई हल्ली फार फॉर्मल झाल्यात.” मी म्हटलं, “मुंबईची माणसं असतात तशा.” ताई मुंबईला कधीच राहिली नव्हती.

मग नवऱ्याने आम्हा दोघांची मृत्युपत्रं करायचं काढलं आणि मी घराची फाइल घेऊन वकिलांकडे गेले. त्यांनी संमतीपत्राची झेरॉक्स वाचली आणि चष्मा काढला. “घरापुरता या कागदाला काही अर्थ नाही बरं का. घराचा हक्क असा नुसत्या स्टॅम्पपेपरवर सुटत नसतो. रजिस्टर करावं लागतं.” मग पुन्हा पाहिलं. “पण बहिणीने सह्या केल्यात सगळीकडे. तुम्ही मागितलं होतं का घराचं?”

मी म्हटलं, “नाही. टायपिस्टने घातलं.” उरलेलं त्यांना सांगण्याची गरज नव्हती.

त्या रविवारी मी उरणला गेले. फोन न करता. आदल्या दिवशी एका कागदावर स्वतःच्या हाताने लिहिलं होतं की ते वाक्य चुकीने आलं, घर आपल्या दोघींचं आहे, आणि खाली सही केली होती. ताईच्या घराशेजारी एक कोळीण राहते, करंजाच्या धक्क्यावरून मासळी आणून बाजारात बसते. ती ओट्यावर जाळं झटकत होती. मला पाहून मोठ्याने म्हणाली, “धाकली आली का? आज सोताच? कुरिअर नाय पाठवला?” आणि खो खो हसली. “आमी त्या दिवशी लय हसलो बग. म्हटला, पनवेल काय अमेरिकेत हाय?”

“गप गं तू,” आतून ताई म्हणाली.

ती बोंबील साफ करत होती. मी कागद पुढे केला. तिने हात धुतले, पदराला पुसले, चष्मा शोधून आणला आणि शेवटपर्यंत वाचलं. मग घडी घालून माझ्याकडे परत दिला.

“नीट लिहिलंयस.”

“ठेव ना तुझ्याकडे.”

“मी काय करू? मला घर नको होतं गं. तेव्हाही नको होतं. तू येऊन बसली असतीस, ‘ताई, घर माझ्या नावावर करायचंय’ म्हणाली असतीस, तर मी तुला आधी चार शिव्या दिल्या असत्या आणि मग सही केली असती.”

“मग आता दे.”

“आता कशाला?” ती पुन्हा बोंबलांकडे वळली. “तुला वाटलं मी मागेन. एवढं वाटलं तुला, आणि मला कळलं ते चिठ्ठ्या लावलेल्या कागदावरून.” तिने पुढचा बोंबील उचलला. “जाऊ दे. जेवून जा. तुझे भाऊजी येतीलच इतक्यात.”

मी म्हणाले, मी चुकले. ती म्हणाली, हो. त्यात राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी केलं असतं. रागावर करण्यासारखं खूप असतं.

मी उठून ताटं घ्यायला गेले तर म्हणाली, “तू बस, मी घेते.” भाऊजी आले, त्यांनी सोलर किती युनिट देतं ते विचारलं, मी सांगितलं. ताईने मला तळलेल्या बोंबलांतले मोठे दोन वाढले. मी म्हटलं, “पुरे, ताई.” ती म्हणाली, “घे की, संकोच करू नकोस.” आम्ही दोघी एकमेकींशी फार नीट वागत होतो.