पोरात खोट न्हाय

शिवलिंगअप्पांसमोर 'रिलीज' हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. धाराशिवला नवा पिक्चर रिलीज झाला, असं कुणी सहज बोललं तरी ते वर न बघता सुधारायचे, "लागला म्हणा." नव्यानं आलेल्यांना वाटायचं, म्हातारा इंग्रजीवर खार खाऊन आहे. तसं काही नव्हतं. गोलकीपर, कॉर्नर, पेनल्टी हे शब्द ते मजेत वापरायचे. वाकडं होतं ते फक्त या एकाशी.

आमची अकादमी एका व्यावसायिक फुटबॉल क्लबची. गावाबाहेर माळावर मैदान, मागं वसतिगृह. तालुक्यातालुक्यांतून पोरं निवडून आणायची, शाळेत घालायची, खेळवायची आणि दर उन्हाळ्यात त्यातली थोडी ठेवून बाकीची घरी पाठवायची. या पाठवण्याला क्लबच्या भाषेत रिलीज म्हणतात. कोण राहणार आणि कोण जाणार हे आम्ही प्रशिक्षक ठरवायचो. अप्पा वसतिगृहाचे रेक्टर, त्यांना त्यात कुणी विचारत नसे.

अप्पा जळकोटचे. घरात कानडी, बाहेर मराठी, कपाळावर विभूती, खांद्यावर टॉवेल. पक्के शाकाहारी, पण पोरांना रोज अंडी द्यायचा क्लबचा नियम. मग सकाळी चमच्यावर अंडं तोलत, तोंड दुसरीकडं करून ते प्रत्येकाच्या ताटात वाढायचे आणि म्हणायचे, "खा बाबा, महादेवाला म्या सांगतो." फुटबॉल मात्र त्यांना शेवटपर्यंत कळला नाही. ऑफसाइड मी कितीदा तरी समजावला. "म्हंजे पुढं गेला म्हणून शिट्टी? लई अवघड खेळ हाय सर तुमचा," एवढंच त्यांचं म्हणणं.

त्या शब्दाशी त्यांचं वाकडं झालं ते बेंबळीच्या दयानंदमुळं. पोराचा डावा पाय सुरेख, पण अंगानं वाढला नाही म्हणून आम्ही त्याचं नाव कमी केलं. तेव्हाची पद्धत अशी, की क्लबच्या मुख्य ऑफिसातून घरी फोन जायचा आणि दुसऱ्या दिवशी पोराला एसटीत बसवून द्यायचं. ऑफिसातल्या बाईंनी बापाला सांगितलं, तुमच्या मुलाला रिलीज केलं आहे. बापाला रिलीज ठाऊक होतं ते पिक्चरचं. पिक्चर रिलीज होतो म्हणजे सगळ्यांसमोर येतो. त्यानं पेढे वाटले आणि चौकात मोठा फ्लेक्स लावला : 'आमच्या गावची शान दयानंद याचे फुटबॉल क्लबमधून रिलीज झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' दयानंद पिशवी घेऊन एसटीतून उतरला, तो स्वतःच्याच फोटोखाली.

संध्याकाळी बापाचा अप्पांना फोन आला. पोरगं घरी आल्यापासून बोलत नव्हतं, आणि ते टीव्हीवर कधी दिसणार हे बापाला विचारायचं होतं. अप्पा तसेच बेंबळीला गेले. तिथं काय बोलले ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. पुढं काही महिन्यांनी पुन्हा जाऊन आले, तेव्हा मला म्हणाले, "तो फ्लेक्स कडब्याच्या गंजीवर टाकलाय सर. फोटोतला दया तिथं ऊन खात पडलाय."

त्यानंतर एकही पोरगं एकटं घरी गेलं नाही. अप्पा त्याची बॅग स्वतः उचलायचे, एसटीनं त्याच्या गावी जायचे, आईबापासमोर बसायचे आणि ठरलेलं वाक्य बोलायचे, "पोरात खोट न्हाय. आमाला जागा कमी पडली." मग घरात जे असेल ते जेवूनच उठायचे. मी विचारलं, हा खटाटोप कशाला? म्हणाले, "बापाला राग येनारच. तो माज्यावर निघू द्या, पोरावर नगं."

एकदा मी त्यांच्यासोबत परंड्याला गेलो. अप्पांनी वाक्य म्हटलं. आई पदर तोंडाला लावून आत गेली. पोरगा मात्र समोर उभा राहिला आणि म्हणाला, "खोट न्हाय तर मला का सोडायलात, अप्पा?"

अप्पा खाली मान घालून भाकरी मोडत राहिले. येताना एसटीत त्यांनी मला विचारलं, त्याच्यात खोट होती का? मी खरं ते सांगितलं, पोरगा पळायला मंद होता. "मग म्या लबाड बोललो," अप्पा म्हणाले. मी म्हटलं, मग खरं सांगत जाऊ. त्यांनी नुसती मान हलवली. पुढच्या घरीही ते तेच वाक्य बोलले. मला ते तेव्हापासून टोचायला लागलं.

गेल्या उन्हाळ्यात क्लबनं वसतिगृह एका बाहेरच्या एजन्सीला चालवायला दिलं. अप्पांच्या नावानं इंग्रजीत मेल आला. अप्पांना मेल उघडता येत नसे, म्हणून मॅनेजरनं वाचून दाखवला. त्यात तो शब्द होता. अप्पांनी या खेपेला सुधारला नाही.

मी सोबत येतो म्हटल्यावर ते म्हणाले, घर मला माहीत हाय. तरीही मी त्यांची वळकटी उचलली. पोरांनी फाटकापाशी गर्दी केली होती. अप्पांनी एकाच्याही तोंडाकडं बघितलं नाही.

जळकोटला अप्पांच्या बायको, काकू, दारात आल्या. "बर्री, बर्री," असं कानडीत या-या करत मला आत बसवलं आणि वळकटीकडं बघून अप्पांना विचारलं, "सुट्टी लागली व्हय?"

अप्पा टॉवेलची घडी घालत बसले. घडी झाली की मोडायची, पुन्हा घालायची. शेवटी मीच बोललो, "काकू, अप्पांच्यात खोट नाही. आम्हाला जागा कमी पडली."

काकू आत गेल्या. थोड्या वेळानं दोन ताटं आली. अप्पांनी माझं ताट पुढं सरकवलं, स्वतःच्या ताटाला हात लावला नाही.

"इतक्या घरांत म्या हे बोलून आलो, सर," ते म्हणाले. "ऐकायला असं लागतंय, हे एकाबी पोरानं मला सांगितलं न्हाय."