आप्पांची वेगळी किटली

मी आयर्लंडला निघाले त्या सकाळी जीप दारात उभी होती. टपावर बॅगा बांधून झाल्या होत्या, आईने हातावर दही-साखर ठेवली होती, आणि आप्पांचा पत्ता नव्हता. अर्धं गाव निरोपाला जमलेलं आणि बाप मात्र डेअरीवर. मावशी म्हणाली, "बापाचं काळीज हाय. बघवंना म्हनून गेलं आसल." मी नुसती मान हलवली. खरं कारण मला ठाऊक होतं.

कोल्हारच्या अलीकडे आमचं गाव, गोठ्यात चार गाई. त्या आठवड्यात एकीची कास सुजली होती. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि औषध दुधात उतरतं, तीन दिवस तिचं दूध डेअरीला घालू नका म्हणून बजावलं. असं दूध ओतून द्यायचं म्हटलं की भल्याभल्यांच्या जिवावर येतं, पण आप्पा मुकाट्याने उकिरड्यावर ओतायचे. निघायच्या दिवशी त्यांना जरा आराम म्हणून धारा मी काढल्या. दोन दिवस तर झालेत, तिसऱ्याला काय होतंय, असल्या दीडशहाणपणाने मी ते दूध किटलीत ओतलं. किटली शेजाऱ्याच्या मोटारसायकलवरून गेलीसुद्धा. मग आप्पांनी विचारलं, "तिचं दूध कुठं वतलं?" मी खाली बघत राहिले. ते पायांत चपला सरकवून डेअरीकडे निघाले.

विमानतळावर पोचल्यावर त्यांचा फोन आला. गावाचं दूध एकाच टाकीत जमा होतं, त्यामुळे टाकीतलं सगळंच सोडून द्यावं लागलं होतं. "माझ्या हातून झालं म्हनून सांगितलंय. तू नीट जा." एवढंच बोलले. हा माणूस कधी खोटं बोलल्याचं मला आठवत नव्हतं, आणि आता बोलला तो माझ्यापायी.

इथे मी म्हाताऱ्यांच्या नर्सिंग होममध्ये नर्स आहे. ड्युटीवर आल्या आल्या अंथरुणाला खिळलेल्यांची पाठ, टाचा बघायच्या आणि चार्टवर 'स्किन इंटिग्रिटी' लिहायची. कातडी कुठे फाटली नाही ना, एवढाच त्याचा अर्थ. पुढे एका ट्रेनिंगमध्ये तोच 'इंटिग्रिटी' शब्द माणसांच्या सचोटीसाठी आला. शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं की शब्द मुळात लॅटिन आहे. अख्खं, ज्याला कुणी हात लावलेला नाही, असं काहीतरी. गणितात पूर्णांकाला 'इंटिजर' म्हणतात, तोही त्याच कुळातला. आतून एक आणि बाहेरून एक असे ज्याचे तुकडे झाले नाहीत, तो माणूस. बाकीच्या जणी चहाच्या सुट्टीकडे डोळे लावून बसल्या होत्या. मला आप्पा दिसले. असा एक अख्खा माणूस मला घरात फुकट मिळाला होता आणि त्याला तडा मीच दिला, या विचाराने मला रडू फुटलं. कोणी विचारलं तेव्हा सर्दी झाली म्हणाले.

त्यात आईने फोनवर सांगितलेलं डोक्यातून जाईना. डेअरीवर आता आप्पांची किटली बाजूला ठेवतात, तपासूनच दूध घेतात. तिथे दूध मोजून घेणारे बबनतात्या पूर्वी त्यांचं दूध डोळे झाकून ओतून घ्यायचे. खरं सांगायला मला एक फोन पुरला असता. दर रविवारी व्हिडिओ कॉल व्हायचा. पाऊसपाणी, तब्येत, वासरू, सगळं बोलून व्हायचं आणि तेवढंच राहायचं. इथे रस्त्यालगत हिरव्यागार कुरणात गाई चरतात. लोक थांबून फोटो काढतात, मी मान फिरवते. माझ्यासारखे निघून आलेले सगळे काही ना काही मागे टाकून आलेत. माझी तर मागे किटली राहिली होती, आणि घराची आठवण आली की आधी तीच डोळ्यांपुढे यायची.

गेल्या हिवाळ्यात, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, गावी जायला रजा मिळाली. दुसऱ्याच दिवशी सकाळी आप्पांबरोबर डेअरीवर गेले. रांगेत दहा-बारा जण होते. त्यांच्यासमोरच म्हणाले, "तात्या, मी परदेशी निघाले त्या दिवशीचं दूध मी घातलं होतं. आप्पांना माहीतसुद्धा नव्हतं."

तात्यांनी मापही खाली ठेवलं नाही. "म्हाईत हाय की. तुझ्या बापाला कुठं खोटं बोलता येतंय? सांगताना कानापर्यंत लाल झालता."

"मग किटली वेगळी का ठेवता?"

"आमी न्हाई ठेवत. त्योच ठेवतो. तपासल्याबिगर घिऊ नगा म्हनतो. लई सांगून बघितलं, ऐकतोय व्हय?"

रांगेतली माणसं हसली. मी आप्पांकडे बघितलं. ते किटलीचं झाकण पुसत होते. म्हणाले, "पोरीची चूक ती घरची चूक. चल, आई च्याला थांबलीय."

मी तिथेच, सगळ्यांसमोर, लहान पोरीसारखी रडले. इतकी वर्षं मला वाटत होतं की माझं पाप फक्त मला ठाऊक आहे आणि त्याच्यापायी घर माझ्यासाठी उणं झालंय. अख्ख्या गावाला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. कोणी माझ्या आईला टोमणा मारला नव्हता, कोणी मला फोनवर छेडलं नव्हतं. मी स्वतःहून येऊन सांगेन, म्हणून ते सगळे थांबले होते. आता इथे कोणी विचारलं, तुझं घर कुठे, तर मी त्याच गावाचं नाव सांगते, आणि सांगताना माझी नजर खाली जात नाही.