वालूरच्या शेडमधला फॉगर कोण बंद करत होतं?

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि तो नसल्याचा मला फार माज होता. नवी नवरी असताना मी सासूबाईंना "बाहेरचं काही नसतं, तो मनाचा आजार असतो" असं अर्धा तास रेडिओवरच्या बाईच्या आवाजात समजावलं होतं... आणि त्याच संध्याकाळी दोरीवर हलणारं सासऱ्यांचं धोतर पाहून किंचाळत घरात पळाले होते. पुढे शाळेत पोरांना "भूत नसतं" हेच शिकवून निवृत्त झाले. ती तरुण बाई आज भेटली तर म्हणेन, बस गं जरा खाली.

तर — वालूरहून सेलूकडे निघालं की डाव्या हाताला आमची तुती लागते, आणि तिच्या कडेला रेशमाच्या अळ्यांचं शेड. हे सगळं माझ्या सुनेचं, वैशालीचं. आधीच्या दोन बॅच रोगाने गेल्या. मुलाने सांगूनच टाकलं होतं, "ही गेली की तुतीत ट्रॅक्टर घालतो. पुन्हा कापूस." वैशालीने शेडमध्ये एक पेटी बसवून घेतली. फॉगर, म्हणजे धुक्यासारखे पाण्याचे बारीक फवारे, त्या पेटीमुळे मोबाईलवरून चालू-बंद होतो. कंपनीच्या क्लाउडवरून चालतं म्हणे. क्लाउड कुठे असतो विचारलं की सगळे वर बघतात.

गेल्या उन्हाळ्यात ऐन बॅचमध्ये वैशालीच्या आईचं परभणीला ऑपरेशन निघालं. जाताना तिने माझ्या फोनमध्ये ते ॲप टाकलं.

"आत्याबाई, अळ्या उद्या सांजेला कात टाकायला बसतील. तवर फॉगर चालू ऱ्हाऊ द्या. बसल्या की मातर बंद. तवा ओल लागली तर बॅच गेली समजा."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला गेले, तर फॉगर बंद. मी ॲपवर चालू केला. दोन मिनिटांत बंद. पुन्हा चालू... पुन्हा बंद. असं पाच वेळा! वीज होती, टाकीत पाणी होतं. तिसऱ्या वेळेपासून मी त्याला ज्या शिव्या दिल्या, त्यांच्यासाठी शाळेत पोरांना मी कोंबडा केलं असतं.

मुलाला जिंतूरला फोन लावला. तिथे त्याचं खतांचं दुकान आहे.

"माय, तूच दोनदा दाबायलीस."

"एकदाच दाबायले. बोट हाय माझं, हातोडा न्हाई."

"मंग पेटी बंद करून चालू कर की."

कंपनीचा माणूसही फोनवर तेच म्हणाला. या लोकांना दुसरं काही शिकवतच नाहीत बहुतेक.

शेवटी हाताने चालवायचं बटण दाबायला निघाले. वाटेत चष्मा घसरून अळ्यांच्या रॅकवर पडला, तो उचलायला वाकले — आणि तशीच राहिले. अळ्या पाला खात नव्हत्या. सगळ्याच्या सगळ्या माना वर करून, दगडासारख्या स्थिर. उकाड्याने वेळेआधीच कात टाकायला बसल्या होत्या. फॉगर माझ्या मनासारखा चालला असता, तर वैशालीची बॅच मीच बुडवली असती.

ती दुसऱ्या दिवशी आली. रॅक बघितले आणि म्हणाली, "तुमी येळेवर बंद केला, आत्याबाई." हो म्हणायचा मोह लय झाला. पण खरं सांगितलं. तिने ॲपमधल्या नोंदी उघडल्या. पाच वेळा 'चालू', माझ्या फोनवरून. सहा वेळा 'बंद', पहिला मी पोचायच्या आधीचा, आणि एकही ना माझ्या फोनवरून, ना तिच्या. तिचा तर त्या सकाळी चार्जिंगअभावी दवाखान्यात बंद पडला होता.

मग कंपनीचा इंजिनिअर आला. दोन चहानंतर त्याने कबूल केलं, की सगळ्या पेट्यांना कारखान्यातून एकच पासवर्ड येतो, आणि पेट्यांचे नंबरही ओळीने. ज्याला तो पासवर्ड माहीत, त्याने नुसता नंबर टाकायचा. जगात कुठेही बसून कुणाच्याही शेडचा फॉगर त्याचाच.

"अपडेट आलं होतं काकू, तुमी घेतलं न्हाई."

"तुमी सांगितलं होतं का?"

त्याने तिसरा चहा मागितला.

वाचकांनो, तुमच्याकडे अशी पेटी, मोटारीचा स्टार्टर, कॅमेरा, काहीही असो... आलेला पासवर्ड त्याच दिवशी बदला. अपडेट येईल तेव्हा घ्या. लॉगिनला ओटीपी लावा. शेडचं वायफाय घरच्यापासून वेगळं ठेवा. आणि बाहेरून चालवायची गरज नसेल, तर ती सोयच बंद करा. आम्ही हे सगळं केलं. बहात्तराव्या वर्षी मी राऊटर शिकले, तुम्हाला काय धाड भरलीय?

आता स्पष्टीकरणं ऐका. शेजारीण म्हणते, तुमच्या सासूबाई असतील. मुलगा म्हणतो, हॅकर. ठीक आहे, हॅकर! पण त्या ॲपवर फक्त तापमान आणि ओल दिसते. शेडमध्ये कॅमेरा नाही. अळ्या कात टाकायला बसल्यात हे रॅकजवळ उभ्या असलेल्या मला कळलं नाही, ते त्याला कुठून कळलं? यावर दोघंही मला समजावतात... रेडिओवरच्या बाईच्या आवाजात.

पुढची कात आली तेव्हा सगळ्या वाटा बंद केलेल्या होत्या. कुणी आलं नाही. मी पहाटेपासून चष्मा लावून रॅकपाशी बसले आणि फॉगर स्वतः बंद केला. बॅच निघाली, कोष पांढरेशुभ्र. ट्रॅक्टरचा विषय मुलाने पुन्हा काढलेला नाही.

त्यानंतर तो इंजिनिअर तक्रार बंद करायला आला. लॅपटॉपवर 'कारण' या रकान्यात त्याने लिहिलं, 'पासवर्ड बदललेला नव्हता.'

"हे झालं आत कसा आला त्याचं," मी म्हणाले. "त्याला कळलं कसं, ते लिहा."

त्याने लॅपटॉपवरून मान वर केली.

"काकू, त्या दिवशी शेडमधी तुमच्याबगर कोण होतं?"

"चाळीस हजार अळ्या होत्या."

मी चेष्टेनेच म्हणाले. तो हसला नाही. लिहिलेलं खोडलं आणि लॅपटॉप मिटला. तक्रार अजून उघडीच आहे. त्या रकान्यात काय लिहायचं, ते मलाही माहीत नाही.