उलटा बसवलेला दगड

उज्जैनपासून बावीस किलोमीटरवरच्या एका गावात महादेवाचं जुनं देऊळ आहे. गाभारा आतून नऊ फूट चार इंच चौरस, पुढे चार खांबांचा मंडप, वर गोल घुमट. आमच्या दरबारी कारकून पूर्वजांनी ते बांधलं, असं आम्ही मानत होतो आणि गावही मानत होतं. म्हणून महाशिवरात्रीला पिंडीवर पहिला तांब्या आमच्या घरचा पडे. त्याआधी देवळाला आतून-बाहेरून चुना लावायचं कामही आमच्याकडेच असे.

गेली एकतीस वर्षं तो तांब्या काकांच्या हातात होता. काका म्हणजे माझे सख्खे चुलते, उज्जैनच्या फ्रीगंज भागात एकटे राहणारे निवृत्त शिक्षक. शहरात त्यांना कोणी विचारत नसे. त्या एका सकाळी मात्र सगळं गाव बाजूला होऊन त्यांना वाट देई.

मग गावच्या समितीने देवळाला टाइल लावायचं ठरवलं. दाराशी संगमरवरी पाटी बसणार होती. बांधणारे म्हणून तिच्यावर आमच्या पूर्वजांचं नाव हवं, असं काकांनी कळवलं. समितीचे अध्यक्ष वीटभट्टीवाले. ते म्हणाले, "काकासाहब, बोलने से थोड़ी होता है. कुछ सबूत तो दिखाओ."

मी सरकारी कचेरीत इमारतींची मापं तपासतो, म्हणून काका मला घेऊन गेले.

"पाच पिढ्यांचा चुना आहे, खरवड. आत शिलालेख निघणारच," ते म्हणाले.

उत्तरेच्या भिंतीवर चुन्याचा थर पाऊण इंच निघाला. त्याखाली साडेपाच फुटांपर्यंत काळे घडीव दगड, मधे चुना न घालता असे बसवलेले की सांध्यात पोस्टकार्ड शिरेना. तिथे भिंतीची जाडी तीन फूट दहा इंच. त्याच्यावर ती एकदम दोन फूट दोन इंचांवर येत होती. विटा, चुना आणि मिळतील ते दगड. म्हणजे खालचं देऊळ कितीतरी जुनं, बहुधा परमारकाळातलं. ते पडल्यावर उरलेल्या भिंतींवर आमच्या पूर्वजांनी घुमट चढवला होता. डागडुजी केली म्हणा. आणि जुनं-नवं जिथे जुळतं तो सांधा आम्हीच दर वर्षी भक्तीने चुना लावून झाकत आलो होतो.

काकांनी ऐकून घेतलं. "अजून वर बघ," म्हणाले.

वर एका दगडावर कोरीवकाम लागलं. ओल्या फडक्याने पुसल्यावर हातभर उंचीची देवी दिसली. पाय वर, डोकं खाली. गवंड्याने पडक्या देवळातला दगड हाती आला तसा चिणून टाकला होता.

"हे लिहू नकोस," काका म्हणाले.

"मापं लिहायची तर सगळी लिहायला हवीत, काका."

"बाकी सगळं लिही. उलटी आहे, एवढंच गाळ. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा झालो रे मी. अजून किती शिवरात्री राहिल्यात माझ्या?"

मी लिहिलं : कोरीव दगड, देवी, उलटा बसवलेला, जमिनीपासून सात फूट एक इंच. लिहिताना बरंही वाटलं.

समितीच्या बैठकीत सचिवाने माझा मापांचा कागद मोठ्याने वाचला. त्या ओळीशी थांबला आणि ती पुन्हा वाचली.

"यानी मंदिर नहीं बनाया, माताजी को शीर्षासन कराया!" अध्यक्ष म्हणाले.

"और हर साल पुताई, कि कोई देख न ले," मागून कोणीतरी बोललं.

सगळे हसले. काका उभे राहिले. "घुमट तरी आमचाच आहे."

"जो टपकता है, वही ना?" अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. "क्यों भाईसाहब, टपकता है?"

"तीन जगह से," मी म्हणालो.

त्या शिवरात्रीला पहिला तांब्या अध्यक्षांचा पडला. काका तरीही आले आणि रांगेत उभे राहिले. मी मोजलं, त्यांचा नंबर चौसष्टावा होता. गाभाऱ्यात त्यांनी नेहमीच्या संथ चालीत मंत्र सुरू केला. दुसऱ्या ओळीलाच एका स्वयंसेवकाने त्यांच्या हातातला तांब्या खालून उचलून पिंडीवर रिकामा केला. "चलो चाचा, पीछे लाइन है."

बाहेर आल्यावर काका उत्तरेच्या भिंतीपाशी गेले. जमिनीपासून घुमटापर्यंत पांढऱ्या चकचकीत टाइल लागल्या होत्या. पाटीवर टाइल देणाऱ्याचं नाव होतं. माझा कागद समितीत कोणाला सापडतही नव्हता.

"आता कुणाला दिसणार आहे ती देवी?" काका म्हणाले. "तेवढं गाळलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

"नोंद चुकीची झाली असती."

मी गाडीचं दार उघडून धरलं होतं. रिकामा तांब्या पिशवीत घालून काका रस्त्यापलीकडे गेले आणि उज्जैनच्या नानाखेडा स्टँडला जाणाऱ्या बसची वाट पाहत उन्हात उभे राहिले.