दुर्गामायची तांबडी ज्वारी

दुर्गामायला अकोल्याला पाठवलं ते मीच. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी मला शहाणपण शिकवायला नको.

धामणगावपासून बारा किलोमीटरवर आमचं गाव. मी रागिणी, इथली अंगणवाडी सेविका. दुर्गामाय माझ्या घरामागची. सत्तरी ओलांडलेली, काटकुळी, तोंडाने फटकळ. चार एकरात तिचा मुलगा कुलदीप सोयाबीन, तूर, हरभरा घेतो. बांधाजवळचे चार तास, पेरणीच्या चार ओळी, मात्र तिच्या. तिथे ती तांबडी ज्वारी पेरायची. बी सासूने दिलेलं, पन्नास वर्षं एकही साल न चुकवता पेरलेलं. भाकर इतकी गोड, की नुसत्या चटणीशी दोन कधी संपल्या कळायचं नाही. पूर्वी ही ज्वारी गावभर होती. मग सोयाबीन आलं आणि एकेकाने ती सोडली. दुकानात मागायला जाल तर दुकानदार हसेल.

एकट्याच बाईने ज्वारी पेरायची म्हणजे काय हाल असतात, विचारा मला. घरोघर ज्वारी होती तेव्हा पाखरं सगळ्यांचं थोडंथोडं खायची, कोणाला जाणवायचंही नाही. आता अख्ख्या शिवारातली पाखरं त्या चार तासांवर. दाणा दुधात आला की दुर्गामाय दिवसभर वावरातल्या माळ्यावर, हातात गोफण, तोंडात शिव्या.

त्यात यंदा पहिली पेरणी करपली. बियाण्याचं गाडगं खरवडून तिने दुसऱ्यांदा पेरलं, घरात एक दाणा उरला नाही. हे मला ठाऊक होतं बरं का! तरी अकोल्यात जुनं बियाणं जपणाऱ्या बायांचा सत्कार आहे असं कळलं आणि मी हौसेने तिचं नाव दिलं.

"मी गेली तं पाखरं कोन हाकलन वं?" ती म्हणाली.

"कुलदीप हाय ना माय. दोन दिवसाचा तं सवाल हाय."

"त्याले गोफन धरता येते काय? आला मोठा!"

पण मनातून हरखली होती. जन्मात कोणी तिला शाल दिली नव्हती. नवं लुगडं नेसून माझ्याआधी स्टेशनवर येऊन बसली.

मंडपात शाल, नारळ, प्रमाणपत्र, सगळं यथासांग झालं. साहेबांनी तिचं नाव चुकीचं घेतलं, ते सोडा. तिच्या हातात माईक दिला तर ही म्हणते, "टाळ्या कायच्या वाजवता? माह्या वावरात या, पाखरं हाकला." लोक हसले. पुन्हा टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या, मेलीने.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतलो. कुलदीप पहिला दिवस बसला होता. दुसऱ्या सकाळी विजेची लाईन आली आणि तो हरभऱ्याला पाणी द्यायला गेला. त्याला तरी काय बोलायचं? लाईनचा भरवसा नाही आणि घर चालतं ते हरभऱ्यावर. चार तासांवर राघूंचे थवे बसून उठून गेले होते. कणसांचे नुसते झाडू उरले होते. जे थोडं वाचलं होतं, ते त्या रात्री रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनी, तुडवलं.

दुर्गामाय रडली नाही. सकाळी पिशवी घेऊन गावात निघाली. मागेल त्याला तिने आजवर बी दिलं होतं, ते याचसाठी. एका घरचं गेलं तर दुसऱ्या घरी सापडावं. पाच घरं फिरली. कुर्बानभाईंनी हात जोडले, "मावशी, दोन साल पेरली. पाखरांनी दाणा नाई ठेवला. सोडून देली." प्राजक्ताने पेरली होती, पण पाहुणे आले तेव्हा सगळ्याचा हुरडा भाजून खाल्ला होता. उरलेल्या तिघांना तर आठवतही नव्हतं.

शेवटी माझ्या दारात आली.

"चार साल झाले, तुले मापटंभर देलं होतं."

खरं तेच सांगितलं. पेरायचं आज करू उद्या करू म्हणत राहिलं आणि मग बरंचसं कोंबड्यांना घातलं. उरलं त्याचा अंगणवाडीत 'आपली धान्ये' म्हणून तक्ता केला होता, दाणे डिंकाने चिकटवून. तपासणीला मॅडम आल्या होत्या, मोठी वाहवा झाली होती.

"दाखव," ती म्हणाली.

अंगणवाडीच्या भिंतीपाशी उभी राहून तिने नखाने पहिला दाणा सोडवला. मग दुसरा. मला राहवेना.

"माय, त्याच्यावर वार्निश मारलं हाय."

हात थांबला. "कावून?"

"टिकावं म्हनून."

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. मग तिने उरलेले दाणे खरवडले, चाळीसेक निघाले असतील. घरी नेऊन ओल्या गोणपाटात बांधले. मी रोज जाऊन बघायचे, ती रोज पाणी शिंपडायची. आठव्या दिवशी तिने गोणपाट उकिरड्यावर झटकलं. एकालाही मोड आला नव्हता.

"कुलदीपले सांगजो," पाठमोरी राहूनच म्हणाली, "फुडच्या साली ते चार तास बी सोयाबीनले घे म्हना."

आमच्या दोघींच्या घरांमध्ये एक कुडाची भिंत आहे. मीठ, विरजण, काडेपेटी, काहीही लागलं तर ती पलीकडून हाक मारायची. त्या दिवसापासून तिने मला काही मागितलेलं नाही.